महाविद्यालयीन विभागप्रमुखाची विश्वासार्हता : एक विवेचन

प्रस्तावना

विभागप्रमुखपदाच्या नियुक्तीचे पत्र बहुधा चार ओळींचे असते. सेवाज्येष्ठतेनुसार अमुक तारखेपासून आपणांकडे विभागाचा कार्यभार सोपविण्यात येत आहे, कार्यभार स्वीकारल्याचा अहवाल कार्यालयास सादर करावा, एवढाच त्यातील मजकूर. त्या पत्राने खुर्ची बदलते, कपाटाच्या किल्ल्या हाती येतात आणि विभागाच्या शिक्क्याखाली सही करण्याचा अधिकार मिळतो. मात्र काल ज्यांच्या शेजारी बसून चहा घेतला त्या सहकाऱ्यांनी आजपासून आपले म्हणणे का ऐकावे, या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात नसते.

कारखान्यातील किंवा कंपनीतील अधिकाऱ्यापुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उभा राहत नाही. तेथे वेतनवाढ, बदली, बढती यांपैकी काही ना काही वरिष्ठाच्या हाती असते. अनुदानित महाविद्यालयातील विभागप्रमुखाकडे यांपैकी काहीच नसते. सहकाऱ्याचे वेतन शासन ठरविते, निवड समिती त्याची निवड करते, शिस्तभंगाची कारवाई व्यवस्थापन करते आणि स्थाननिश्चितीचा प्रस्ताव अनेक टेबलांवरून फिरून मंजूर होतो. विभागप्रमुखाच्या वाट्याला येते ते तासिकांचे वाटप, परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या याद्या, रजेच्या अर्जावरील शिफारस, प्रयोगशाळेची खरेदी, आणि कोणालाच नको असलेले अहवाललेखन. म्हणजे बळ नाही आणि कामे मात्र इतरांकडून करून घ्यावयाची आहेत. अशा स्थितीत सहकाऱ्यांचा विश्वास हेच त्याचे एकमेव साधन उरते.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने दीर्घकाळ वापरलेल्या सात निकषांच्या आराखड्यात सहावा निकष शासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांविषयीचा होता. त्या निकषाखाली आपण सर्वांनीच समित्यांचे तक्ते, बैठकांची संख्या आणि विकेंद्रीकरणाचे परिच्छेद लिहिले आहेत. ते निरुपयोगी होते असे नाही. पण विभागात कोणाच्या शब्दाला किंमत आहे हे त्या तक्त्यांवरून कधीच कळत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, विभागप्रमुखाची विश्वासार्हता ध्येयवाक्यांतून किंवा बैठकीतील भाषणांतून निर्माण होत नाही; क्षुल्लक वाटणाऱ्या नित्याच्या निर्णयांत तो नियम स्वतःला कसा लावून घेतो, यातून ती साठत जाते किंवा झिजत जाते.

धाक, दरारा, आदर, विश्वास

या विषयासंबंधी मराठीत शब्दांची सूक्ष्म उतरंड आहे आणि ती ध्यानात घेतली तर बराच गोंधळ टळतो. धाक शिक्षेच्या भयातून येतो. वचक हा नजरेचा असतो. नजर हटली की तोही हटतो. दरारा व्यक्तिमत्त्वाचा असतो, त्यात भयाइतकाच कौतुकाचाही अंश असतो. मान पदाला मिळतो. निवृत्तीच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळासह तो दिला जातो. आदर मात्र व्यक्तीला मिळतो आणि तो मागून मिळत नाही. विश्वासार्हता याहून थोडी वेगळी. एखाद्या प्राध्यापकाच्या विद्वत्तेविषयी आपल्या मनात नितांत आदर असू शकतो आणि तरीही ‘तुमचे काम आठ दिवसांत करतो’ हे त्याचे वाक्य आपण मनावर घेत नाही. आदर व्यक्तीच्या गुणांकडे पाहतो, तर विश्वासार्हता त्याच्या शब्दाचे पुढे काय होते याकडे पाहते.

सामाजिक मानसशास्त्रातही हे दोन पदर वेगळे केलेले आढळतात. येल विद्यापीठातील कार्ल हॉव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संज्ञापनविषयक अभ्यासात बोलणाऱ्याची विश्वासार्हता दोन घटकांची मिळून बनते असे मांडले: तो जाणकार आहे असे ऐकणाऱ्याला वाटणे आणि तो प्रामाणिकपणे सांगतो आहे असे वाटणे. महाविद्यालयात पहिला घटक लपत नाही. प्रमुख वर्गावर जातो की नाही, गेला तर काय शिकवितो, हे विद्यार्थ्यांकडून दोन दिवसांत स्टाफरूमपर्यंत पोहोचते. प्रशासकीय कामाच्या सबबीवर ज्याने वर्ग सोडला, त्याच्या अध्यापनविषयक सूचना सहकारी वहीत लिहून घेतात आणि वही मिटतात. दुसऱ्या घटकाची परीक्षा मात्र दीर्घकाळ चालते, आणि बहुतेक प्रमुखांची गाडी तेथेच अडते.

आज्ञा कोणाची, मान्यता कोणाची

मॅक्स वेबर यांनी वैध अधिकाराचे परंपरागत, करिष्मायुक्त आणि कायदेशीर-विवेकनिष्ठ असे तीन प्रकार सांगितले, हे समाजशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असते. फ्रेंच आणि रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार सांगितले: बक्षीस, दंड, पद, तज्ज्ञता आणि आपलेपणातून येणारे अनुकरण. यांपैकी पहिले दोन विभागप्रमुखाकडे नाहीत आणि तिसरा चार ओळींच्या पत्रापुरता आहे, हे वर आलेच. परंतु आपल्या विषयाला सर्वांत जवळचे विवेचन चेस्टर बर्नार्ड यांचे आहे. बर्नार्ड हे विद्यापीठीय अभ्यासक नव्हते. न्यू जर्सीतील बेल टेलिफोन कंपनीचे ते अध्यक्ष होते, आणि १९३८ मध्ये त्यांनी कार्यकारी अधिकाऱ्याच्या कार्यांविषयी लिहिलेला ग्रंथ व्यवस्थापनशास्त्रात अभिजात मानला जातो. त्यांनी वेबर यांचा प्रश्न जणू उलटा करून विचारला. आदेश देणाऱ्याकडे अधिकार आहे की नाही हे कोण ठरविते? बर्नार्ड यांचे उत्तर, आदेश घेणारा.

त्यांच्या मते माणूस आदेश तेव्हाच मनापासून स्वीकारतो, जेव्हा तो त्याला समजतो, संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटत नाही, त्याच्या स्वतःच्या हिताशी एकंदरीत जुळतो आणि पार पाडणे त्याला शक्य असते. शिवाय प्रत्येकाच्या मनात आदेशांचा एक असा परीघ असतो की ज्याच्या आतील गोष्टी तो फारसा विचार न करता करून टाकतो. त्या परिघाबाहेरची प्रत्येक सूचना मात्र तो तोलून पाहतो, कारण विचारतो, नियम दाखवा म्हणतो. अनुभवी प्राध्यापकांना हा परीघ चांगला परिचित असेल. एका विभागात ‘उद्या विद्यापीठाला माहिती पाठवायची आहे, प्रत्येकाने एक तास थांबावे’ एवढे म्हटले की काम होते. शेजारच्या विभागात तेच काम लेखी सूचना, तिच्यावरील सह्या आणि शेवटी प्राचार्यांचे स्मरणपत्र एवढ्या वळणांनंतरही अर्धवट राहते. दोन्ही प्रमुखांचे पद एक आणि नियमही तेच. परिघाचा व्यास मात्र वेगळा. हा व्यास वाढण्याची प्रक्रिया म्हणजेच विश्वासार्हता कमावणे, असे बर्नार्ड यांच्या परिभाषेत म्हणता येईल.

वेळापत्रक : एक अनुभव

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःचा एक अनुभव नमूद करणे गैर ठरू नये. विभागप्रमुखपदाच्या पहिल्याच वर्षी जूनमध्ये वेळापत्रक तयार करताना सकाळी ७.२० ची पहिली तासिका कोणाला द्यावी असा प्रश्न होता. कार्यालय साडेदहाला उघडते, प्रमुखाने कार्यालयीन वेळेत उपलब्ध असावे, या कारणास्तव लेखकाने स्वतःकडे अकरानंतरच्या तासिका घेतल्या. कारण खोटे नव्हते. सकाळच्या तीन तासिका तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका तरुण सहकारी महिलेकडे गेल्या, कारण त्या नाही म्हणणार नव्हत्या. त्या तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येत असत आणि पहिल्या गाडीसाठी त्यांना पहाटे पाचच्या आधी घर सोडावे लागे, ही माहिती त्या वेळी लेखकाला नव्हती असे म्हणता येणार नाही. ती होती, फक्त वेळापत्रकाच्या कागदावर ती कोठे लिहायची जागा नव्हती.

बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. इतिवृत्तात ‘वेळापत्रक सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद झाली. पुढे सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांसाठी रविवारचे पूरक वर्ग सुरू करण्याची कल्पना लेखकाने अत्यंत उत्साहाने मांडली, तेव्हा विभागात विलक्षण शांतता पसरली. एकाच्या घरी कार्य होते, दुसऱ्यांची प्रकृती बरी नव्हती, तिसऱ्यांनी विद्यापीठाच्या परिपत्रकात अशी तरतूद आहे का असे विचारले. बैठक संपल्यावर निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ सहकारी मागे थांबले आणि म्हणाले, ‘सर, तुमची योजना चांगली आहे. पण तुमचे वेळापत्रक सगळ्यांनी जूनमध्येच वाचले आहे.’

या वाक्याचा अर्थ उमगण्यास लेखकाला काही दिवस लागले. सहकारी आपल्या घोषणा ऐकत नव्हते, ते आपला कागद वाचत होते. दुसऱ्या सत्रात लेखकाने सकाळची तासिका स्वतःकडे घेतली. त्याने काही चमत्कार झाला नाही. पहिले काही आठवडे तर ‘आता दाखवण्यापुरते चालले आहे’ असा सूर कानी येत होता, आणि तो अन्यायाचाही नव्हता. रविवारचे वर्ग त्या वर्षी झालेच नाहीत. पुढच्या वर्षी, वेळापत्रक दोन वेळा अशाच तत्त्वाने लागल्यानंतर, पूर्वी परिपत्रक मागणाऱ्या सहकाऱ्यानेच आपणहून एक वर्ग घेण्याचे कबूल केले. एका सकाळच्या तासिकेने जे गेले ते परत येण्यास जवळजवळ पावणेदोन वर्षे लागली. विश्वास घडण्यापेक्षा मोडणे फार सोपे असते ही विषमता पॉल स्लोव्हिक यांनी १९९३ मध्ये जोखीमविषयक लेखनात मांडली आहे. तिचा प्रत्यय घेण्यासाठी अणुभट्टीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही, विभागाचा सूचनाफलक पुरेसा आहे.

समानांच्या संस्थेतील एक जुना वाद

वरील अनुभव लहानसा आहे. परंतु नियम सर्वांना, आणि विशेषतः पुढाऱ्यांना, सारखा लागू आहे की नाही हा प्रश्न महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात एकदा फार मोठ्या माणसांमध्ये उपस्थित झाला होता. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थेची रचना आजीव सदस्यांची होती. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा देण्याचे व्रत घेतलेले हे शिक्षक एकमेकांचे समान होते. त्यांच्यात मालक कोणी नव्हता आणि नोकरही कोणी नव्हता. म्हणजे आजच्या विभागाप्रमाणेच तेथेही नेतृत्वाकडे परस्परविश्वासाखेरीज भांडवल नव्हते.

लोकमान्य टिळकांचा आग्रह असा होता की, आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेला द्यावी आणि बाहेरच्या कामांत व मिळकतीत गुंतू नये. वेतनवाढ, बाहेरची कामे, गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे अशा निमित्तांनी मतभेद वाढत गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा देऊन संस्था सोडली. या वादाचा अभ्यास बहुधा सुधारक विरुद्ध सनातनी या चष्म्यातून केला जातो. त्यात तथ्य आहेच; पण संस्थाव्यवहाराच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. गोखले किंवा आगरकर स्वार्थी होते असे कोणीही म्हणू शकणार नाही. दोन्ही बाजू निःस्पृह असतानाही एकाच नियमाचे दोन अर्थ लावले जात होते, आणि तो अर्थ निश्चित करण्याची सर्वांना मान्य अशी रीत नव्हती. चारित्र्य संशयातीत असूनही विश्वास तुटू शकतो, ही गोष्ट ‘प्रमुख सज्जन असला की पुरे’ असे मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याच संस्थेचे पुढचे एक उदाहरण वेगळी बाजू दाखविते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे सरकारी नोकरीचे दार उघडे असताना ते आजीव सदस्याच्या अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ पासून दीर्घकाळ प्राचार्य राहिले. वयाने लहान असलेल्या या प्राचार्यांचा शब्द चालला त्याचे श्रेय केवळ केंब्रिजच्या पदवीला देता येणार नाही, असे लेखकाला वाटते. ज्ञान निर्विवाद होते आणि इतरांना लागू असलेली अट त्यांनी स्वतःलाही लावून घेतली होती. हॉव्हलंड यांचे दोन्ही घटक येथे एकत्र आलेले दिसतात.

अपयशाच्या दिवशी कोण बोलतो

नियम स्वतःला लावून घेणे जसे कामाच्या वाटपात दिसते तसेच ते श्रेय आणि दोष यांच्या वाटपातही दिसते. याचे सर्वपरिचित उदाहरण शिक्षणक्षेत्राबाहेरचे, पण एका शिक्षकवृत्तीच्या शास्त्रज्ञाचे आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एस.एल.व्ही.-३ या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण अयशस्वी झाले. प्रकल्पाचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा पत्रकार परिषदेत बोलण्यास त्यांनी कलामांना पुढे केले. कलाम ही आठवण पुढे अनेक व्याख्यानांतून सांगत असत.

हे उदाहरण प्रशिक्षणवर्गांत इतक्या वेळा सांगितले जाते की त्याची धार बोथट झाली आहे. पण ते आपल्या विभागात आणून पाहावे. निकाल घसरला की प्राचार्यांच्या दालनात प्रमुख एकटा जातो की संबंधित विषयशिक्षकाला सोबत नेऊन त्याच्याकडे बोट दाखवितो? आणि परिषद यशस्वी झाली की अहवालातील समन्वयक म्हणून कोणाचे नाव छापले जाते? यात सर्वांत नाजूक प्रकार संशोधनलेखनाचा. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली, त्यानंतर कनिष्ठ सहकाऱ्याच्या शोधनिबंधावर ज्येष्ठाचे नाव ‘आदराने’ टाकण्याची प्रथा किती फोफावली हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. असे नाव घालू देणाऱ्या प्रमुखाला दोन गुण मिळतात. त्याची किंमत त्याला कळत नाही, कारण ज्याने नाव घातले तो त्याच्यासमोर ते कधीच बोलत नाही.

निर्णयाची रीत

सर्वांना संतुष्ट करणे विभागप्रमुखाला शक्य नसते. दिवाळीच्या सुटीतील पर्यवेक्षण कोणाला तरी करावेच लागते. एकाच वेळी दोघांना कर्तव्य रजा देता येत नाही. मग नकार मिळालेल्या सहकाऱ्याचा विश्वास टिकतो कसा? या प्रश्नावर कार्यपद्धतीतील न्यायाविषयीचे संशोधन मोलाचे आहे. थिबो आणि वॉकर यांनी १९७५ मध्ये न्यायालयीन वादांच्या संदर्भात आणि टॉम टायलर यांनी १९९० मध्ये शिकागोतील नागरिकांच्या अभ्यासात असे दाखविले की, निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो ज्या रीतीने दिला गेला ती न्याय्य वाटली तर माणसे तो पुष्कळ प्रमाणात स्वीकारतात. लेव्हेन्थल यांनी १९८० मध्ये अशा न्याय्य रीतीची लक्षणे सांगितली. त्यांतील सातत्य, निःपक्षपात आणि अचूक माहिती ही लक्षणे सहज पटतात. मात्र आणखी एका लक्षणाकडे आपल्याकडे पूर्ण दुर्लक्ष होते, ते म्हणजे निर्णय दुरुस्त करून घेण्याची सोय.

कार्यभाराचेच पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रत्यक्ष अध्यापनाचा साप्ताहिक कार्यभार सहायक प्राध्यापकासाठी १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी १४ तास आहे. आकडे स्पष्ट आहेत, तरीही वाद होतात, कारण प्रात्यक्षिके कोणाकडे, मोठे वर्ग कोणाकडे, नवा अभ्यासक्रम कोणी शिकवावयाचा हे आकड्यांत येत नाही. जो प्रमुख वेळापत्रकाचा कच्चा मसुदा चार दिवस आधी फलकावर लावतो, कोणती तासिका कोणाला का दिली याची एक ओळ खाली लिहितो आणि आलेल्या हरकतींवर काय केले हे सांगतो, त्याच्या वेळापत्रकातही गैरसोयी असतातच. फरक इतकाच की त्या गैरसोयींमागे हेतू शोधला जात नाही. कारण न देणारा प्रमुख मात्र सहकाऱ्यांवर कारणे कल्पण्याचे काम सोपवितो, आणि स्टाफरूममधील कल्पनाशक्ती फार समृद्ध असते.

या रीतीची खरी कसोटी, प्रमुखाला ज्यांच्याकडून काहीच मिळण्यासारखे नाही अशांच्या बाबतीत लागते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधनाचे बिल टेबलावर आठ दिवस पडून राहिले तर प्रमुखाचे काही बिघडत नाही. त्या अध्यापकाचे घरभाडे थकते. प्रयोगशाळा परिचराने दोनदा लेखी कळविलेली गळकी नळजोडणी दुरुस्त होते की नाही, हेही असेच. कायमस्वरूपी सहकारी हे सारे शांतपणे पाहत असतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या कोणत्याही प्रपत्रात यासाठी रकाना नाही.

पत आणि सुरुवातीची रेषा

एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये मांडलेली एक कल्पना पतपेढीच्या व्यवहारासारखी आहे. गटाची रीत सांभाळून आणि कामात नैपुण्य दाखवून माणूस गटाकडे पत जमा करतो. ती पुरेशी साठली की त्याने रीत मोडून नवे काही केले तरी गट ते खपवून घेतो. नवनियुक्त प्रमुखाने पहिल्याच आठवड्यात आणलेल्या सुधारणा का बारगळतात याचा उलगडा यातून होतो. खात्यावर शिल्लक नसताना काढलेला तो धनादेश असतो. बाहेरून आलेल्या प्राचार्याची अडचण तर आणखी मोठी. २०१८ च्या विनियमांनुसार त्याची पहिली मुदत पाच वर्षांची असते. पत साठविण्यातच दोन गेली तर उरले किती? अशा वेळी नव्या प्राचार्याने पहिला बदल असा निवडावा की ज्याची तोशीस सर्वप्रथम त्याच्या स्वतःच्या दालनाला बसेल, एवढेच लेखक सुचवू इच्छितो.

परंतु पतीच्या या कल्पनेत एक गृहीतक दडलेले आहे, सर्वांचे खाते शून्यापासून सुरू होते हे. वस्तुस्थिती तशी नाही. काहींना आडनाव, घराणे, पुण्या-मुंबईची पदवी किंवा केवळ पुरुष असणे यामुळे आरंभीच काही शिल्लक मिळते. ॲलिस ईगली आणि स्टीव्हन कराऊ यांनी २००२ मध्ये दाखविले की, पुढाऱ्याकडून अपेक्षिलेले गुण आणि स्त्रीकडून अपेक्षिलेले गुण यांत समाज विसंगती मानतो. त्यामुळे पुरुष प्रमुखाचा ठामपणा ‘करारी’ ठरतो आणि स्त्री प्रमुखाचा तोच ठामपणा ‘तुसडेपणा’. बिंदुनामावलीनुसार राखीव जागेवर नियुक्त झालेल्या आणि पुढे सेवाज्येष्ठतेने प्रमुख झालेल्या प्राध्यापकाला आपली विद्वत्ता पुन्हापुन्हा सिद्ध करावी लागते. त्याच्या शेजारच्या विभागप्रमुखाला ती कधीच कोणी विचारलेली नसते. म्हणून ‘विश्वास कमवावा लागतो’ हे विधान करताना, कोणाकडून किती कमाईची मागणी होते हेही पाहिले पाहिजे. सहकारी या नात्याने ही मागणी करणाऱ्यांमध्ये आपणही असतो.

लोकप्रियतेशीही पतीची गल्लत करू नये. अंतर्गत गुण सढळ हाताने देणारा, उशिरा येणाऱ्याकडे कानाडोळा करणारा, प्रत्येक अर्जावर ‘शिफारस’ लिहिणारा प्रमुख सर्वांना हवासा असतो. मात्र अडचणीच्या वेळी कोणी त्याच्या शिफारशीवर विसंबत नाही, कारण ती सर्वांनाच मिळते.

चुकीची नोंद

प्रमुखाच्या हातून चुका होणारच. चूक मान्य केल्याने पदाची प्रतिष्ठा कमी होते असा समज आपल्या संस्थांत खोलवर रुजलेला आहे, आणि तो बाळगणारे प्रमुख चूक झाकण्यासाठी दुसरी, तिसरी चूक करीत जातात. मात्र येथेही एक बारकावा आहे. चूक झाली ती बैठकीत, सर्वांदेखत, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने. आणि दिलगिरी मात्र जिन्यात, दोघांत, हळू आवाजात, असे बहुधा घडते. ज्या सहकाऱ्याचा दोष म्हणून नोंद झाली होती त्याच्या नावापुढची ती ओळ तशीच राहते. ‘मागील बैठकीतील क्र. ४ ची नोंद चुकीच्या माहितीवर आधारलेली होती, ती प्रमुखांनी दुरुस्त केली’ असे एक वाक्य पुढील इतिवृत्तात येणे, हे जिन्यातील दहा दिलगिऱ्यांहून अधिक मोलाचे असते.

अनेक ठिकाणी विभागप्रमुखपद फिरते असते. मुदत संपली की प्रमुख पुन्हा स्टाफरूममधील आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसतो आणि काल ज्याच्या रजेच्या अर्जावर शेरा लिहिला त्याच्याकडे आता स्वतःचा अर्ज देतो. प्रस्तुत लेखकाने कार्यभार सोपविताना किल्ल्या, जडसंग्रह नोंदवही आणि शिक्का यांच्यासोबत मागील सर्व सत्रांची वेळापत्रकेही दिली, प्रत्येकाखाली कोणाला कोणती तासिका का दिली याच्या ओळींसह. पहिल्या वर्षीच्या कागदाखाली मात्र तशी ओळ नव्हती. नव्या विभागप्रमुखांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि याचे कारण काय लिहायचे असे विचारले. लेखकाने त्याखाली तारीख घालून ‘प्रमुखाच्या सोयीसाठी’ असे लिहिले आणि सही केली.